नागीण आणि पचनसंस्थेचे कर्करोग

बालरोगतज्ज्ञाने नागिणीवर लिहावे, याचे काही सभासदांना नवल वाटेल. परंतु कांजिण्यांचे रुग्ण आमचे आणि नागीण ही त्याच विषाणूची उत्तरकथा. नातवंडांना लस देण्यासाठी येणारे आजोबा सदरा वर करून पाठीवरचे फोड दाखवतात, तेव्हा विषय आपल्या शाखेचा नाही असे म्हणवत नाही. अलीकडे त्यांचा प्रश्न असतो : "डॉक्टर, यातून पुढे पोटाचा कॅन्सर तर होणार नाही ना?"

पूर्वीची भीती निराळी होती. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. वास्तविक हे फोड एका मज्जातंतूच्या क्षेत्रात, शरीराच्या एकाच बाजूस उठतात व मध्यरेषेशी थांबतात. ती गाठभेट सहसा होतच नाही. कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू कण्यालगतच्या मज्जागाठींत दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती ओसरली की जागा होतो, ही उपपत्ती इंग्लंडमधील सायरेनसेस्टरचे कुटुंबवैद्य होप-सिम्पसन यांनी १९६५ साली मांडली.

कर्करोगाशी असलेला संबंध या 'ओसरण्या'तच शोधावा लागतो. वार्धक्य, स्टेरॉइड्स, केमोथेरपी यांप्रमाणे शरीरात लपलेला कर्करोगही प्रतिकारशक्ती खालावतो. अशा वेळी नागीण आधी दिसते आणि कर्करोग मागाहून सापडतो. पण आधी दिसले ते कारण, असे ठरत नाही. याच हर्पीस कुळातील एपस्टाइन-बार विषाणू जठराच्या सुमारे एक दशांश कर्करोगांत आढळतो. जठराच्या बाबतीत हेलिकोबॅक्टर पायलोरी, तर यकृताच्या बाबतीत हिपॅटायटिस बी व सी यांचा दोष सिद्ध आहे. कांजिण्यांच्या विषाणूवर असा आरोप सिद्ध झालेला नाही.

आकडे काय सांगतात? अमेरिकेतील रॉचेस्टर येथे नागीण झालेल्या ५९० रुग्णांचा मागोवा घेतला गेला. १९८२ च्या त्या अहवालात कर्करोगाची लक्षणीय वाढ दिसली नाही. डेन्मार्कमध्ये नागिणीसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या १०,५८८ रुग्णांत (२००४) अपेक्षेच्या १.२ पट कर्करोग आढळले आणि त्यांत रक्ताचे कर्करोग ठळक होते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली झालेल्या विश्लेषणात पहिल्या वर्षातील सापेक्ष जोखीम १.८३ भरली. 'जवळजवळ दुप्पट' हे शब्द ऐकून कोणाचीही झोप उडेल! पण त्याच विश्लेषणात वर्षभरात प्रत्यक्ष कर्करोग आढळण्याचे प्रमाण शेकडा ०.७ ते १.८ होते. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याण्णवांना काही निघाले नाही; आणि यात सर्वच अवयवांचे कर्करोग आले, पचनसंस्थेचे त्यांतील एक भाग. शिवाय आजारी माणूस दवाखान्यात येतो, तपासण्या होतात आणि एरवी उशिरा कळले असते ते लवकर कळते. वाढीचा काही अंश यातूनही येतो.

तेव्हा केवळ नागीण झाली म्हणून एन्डोस्कोपी, कोलोनोस्कोपी व सीटी स्कॅन लिहून देणे मला अनुचित वाटते. त्यात रुग्णाचा पैसा जातो आणि धास्ती मात्र राहते. उलट शौचातून रक्त, अकारण घटणारे वजन, गिळताना अडथळा, नव्याने आलेला पंडुरोग, ही लक्षणे असतील तर तपासणी हवीच; नागीण झालेली असो वा नसो. तरुण माणसाला विस्तृत किंवा वारंवार नागीण होत असेल, तर एच.आय.व्ही. व रक्तविकारांचा विचार अवश्य करावा.

खरे नुकसान होते ते विलंबाने. फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू होणे इष्ट. तो काळ गेरूचा लेप आणि मांत्रिकाकडच्या खेपा यांत निघून जातो. डोळ्याजवळच्या नागिणीत तर दृष्टीच पणाला लागते.

पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते. नागीण व तिच्यामागून महिनोन्महिने छळणारी वेदना टाळण्यासाठी ती जरूर सुचवावी, परंतु कर्करोगाची लस म्हणून नव्हे.