मदरबोर्ड आणि प्रोसेसर : मध्यम किमतीच्या जोडीची निवड

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. ज्या शाळांतून व कचेऱ्यांतून आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेले संगणक अद्याप चालू आहेत, त्यांच्यापुढे त्यामुळे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ही पुढील प्रणाली सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या किंवा एएमडीच्या रायझेन २००० मालिकेच्या व त्यानंतरच्या प्रोसेसरांसाठीच मान्य करण्यात आली आहे. सातव्या पिढीचा संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांना साहजिकच असे वाटते की, केवळ प्रोसेसर काढून त्या जागी आठव्या पिढीचा बसविला म्हणजे काम भागेल. दोन्हींच्या बैठकीचे नावही एकच, एलजीए ११५१, आणि संपर्कबिंदूंची संख्याही तितकीच. तरीही हा बदल होत नाही. २०१७ साली आठव्या पिढीबरोबर या बैठकीची विद्युत् जोडणी बदलण्यात आली आणि इंटेलने तिच्यासाठी नवे बोर्ड काढले. जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर बसतो, पण संगणक सुरू होत नाही.

या एका उदाहरणावरून प्रस्तुत विषयाचे मर्म ध्यानात यावे. मदरबोर्ड व प्रोसेसर या दोन स्वतंत्र वस्तू नसून ती एक जोडी होय, आणि तिची निवड एकाच वेळी, एकाच कागदावर झाली पाहिजे. शासकीय खरेदी बहुधा तयार संगणकांचीच होते, हे खरे. परंतु लोकवर्गणीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून उभी राहणारी शाळेची संगणक-खोली पुष्कळदा सुटे भाग जुळवूनच सजविली जाते; आणि तयार संगणकाच्या मागणीपत्रात काय लिहावे, हे ठरवितानाही पुढील विवेचनाचा उपयोग होईल.

बैठक, तिचे आयुष्य आणि चिपसेट

प्रोसेसर ज्या चौकोनी खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. मध्यम किमतीच्या बाजारात दोन सॉकेटांचा विचार मुख्यत्वे करावा लागतो. पहिले इंटेलचे एलजीए १७००. ते २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीबरोबर आले आणि तेराव्या व चौदाव्या पिढीपर्यंत चालले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने एलजीए १८५१ हे नवे सॉकेट आणल्यामुळे एलजीए १७०० ची वाढ तेथे खुंटली. दुसरे एएमडीचे एएम५. ते २०२२ च्या सप्टेंबरात ७००० मालिकेसह आले, २०२४ साली ९००० मालिकाही त्यातच बसविण्यात आली, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही या सॉकेटला पाठबळ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. आज घेतलेल्या बोर्डात चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून संगणकाचे आयुष्य वाढविता येईल काय, याचे उत्तर सॉकेटवर अवलंबून असते. सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या संस्थेने हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा मानावा.

तथापि सॉकेट जुळले म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटवरील ३०० मालिकेच्या बोर्डांना रायझेन ५००० मालिकेचे अधिकृत पाठबळ २०२२ साली मिळाले. तोपर्यंत सॉकेट तेच असूनही ही जोडी अमान्य होती. म्हणून प्रत्येक बोर्ड-उत्पादक आपल्या संकेतस्थळावर त्या त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देतो, ती मागणीपूर्वी पाहणे अत्यावश्यक ठरते. यादीत प्रोसेसरच्या नावापुढे बायॉसची किमान आवृत्तीही दिलेली असते. या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

बोर्डाच्या नावातील बी६५०, बी७६०, एच६१० ही अक्षरे चिपसेटची होत. चिपसेट म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या जोडण्या यांमधील कारभारी. इंटेलमध्ये एच६१० हा सर्वांत साधा. त्यावर रॅमच्या दोनच खाचा मिळतात आणि विस्ताराला वाव थोडा असतो. झेड७९० हा महाग असून प्रोसेसरचा वेग निर्धारित मर्यादेपलीकडे नेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. कचेरीला किंवा शाळेला त्याचे प्रयोजन नाही. मधला बी७६० आणि एएमडीकडील बी६५० हेच मध्यम श्रेणीचे चिपसेट होत. आकाराने मायक्रो-एटीएक्स, म्हणजे जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा बोर्ड पुरतो.

विजेचे गणित

विक्रेत्याच्या दरपत्रकात जे क्वचितच लिहिलेले असते, ते बोर्डाचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे प्रोसेसरला वीज पुरविणारा विभाग. पॉवर सप्लायमधून बोर्डाकडे १२ व्होल्टची वीज येते. प्रोसेसरला मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास दाब लागतो. दाब उतरविला की, तेवढीच शक्ती पोहोचविण्यासाठी प्रवाह वाढवावा लागतो. रायझेन ५ ७६०० या प्रोसेसरची नाममात्र मर्यादा ६५ वॉटची असली, तरी सॉकेटमधून तो ८८ वॉटपर्यंत शक्ती घेऊ शकतो. सरासरी १.१ व्होल्ट दाब धरल्यास हा प्रवाह सुमारे ८० अँपिअर होतो. घरातील २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअरच घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे तळहाताएवढ्या जागेतील या विभागावर केवढा भार असतो, याची कल्पना येईल.

हा भार ज्या लहान काळ्या चौकोनी घटकांवर पडतो, ते तापतात. ते फार तापले की बोर्ड स्वतःच्या रक्षणासाठी प्रोसेसरचा वेग उतरवितो. मग संगणक बंद पडत नाही, केवळ मंदावतो. तक्रार ‘इंटरनेट हळू आहे’ अशी येते आणि मूळ दोष कोणाच्याच लक्षात येत नाही. एप्रिल-मेमधील विदर्भाच्या उन्हाळ्यात पंख्याखाली चालणाऱ्या संगणकाला ही शक्यता अधिक. यास्तव या घटकांवर ॲल्युमिनियमची उष्णताशोषक पट्टी घट्ट बसविलेली आहे की नाही, हे बोर्डाच्या छायाचित्रात पाहावे. ६५ वॉटच्या प्रोसेसरला साध्या बी मालिकेचा पट्टी असलेला बोर्ड निर्धोक होय. याच बोर्डावर कोअर आय९-१४९००के यासारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर बसविणे मात्र शुद्ध उधळपट्टी आहे. तो बसेल, चालेलही, पण दिलेल्या पैशाइतके काम करणार नाही.

दोन जोड्या

लेखन, हिशेब, ऑनलाइन दाखले, ध्वनिचित्रफिती, विद्यार्थ्यांचे प्रोग्रामिंग आणि थोडे चित्रसंपादन एवढे काम डोळ्यांपुढे ठेवल्यास दोन जोड्या विचारार्थ पुढे येतात. एक, इंटेल कोअर आय५-१२४०० आणि बी७६० बोर्ड. दुसरी, एएमडी रायझेन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. दोन्ही प्रोसेसर सहा गाभ्यांचे असून एकाच वेळी बारा कार्यधागे हाताळतात. दोन्हींत चित्र दाखविण्याची अंगभूत सोय आहे आणि पेटीबंद घेतल्यास दोन्हींबरोबर पंखाही मिळतो. एएमडीचा प्रोसेसर नवा व अधिक वेगवान आहे, याबद्दल वाद नाही. परंतु वरील कामांत हा फरक वापरणाऱ्यास जाणवेलच असे नाही. खरा भेद रॅमचा आहे.

एएम५ वर केवळ डीडीआर५ रॅम चालते. एलजीए १७०० साठी मात्र डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले. एकच बोर्ड सहसा दोन्ही प्रकार घेत नाही, आणि दोन्ही पट्ट्यांची खूण निराळ्या जागी असल्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत जातही नाही. बी७६० च्या बोर्डाची मागणी करताना डीडीआर४ की डीडीआर५, हे स्पष्ट शब्दांत लिहिले नाही तर घोटाळा ठरलेला. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि त्यामुळे या भेदाला पैशाचे वजन आले. ज्या शाळेत सहाव्या-सातव्या पिढीचे दहा संगणक निकाली निघत आहेत, तिच्याकडे डीडीआर४ च्या पट्ट्या बहुधा शिल्लक असतील. अशा शाळेने डीडीआर४ चा बी७६० बोर्ड व आय५-१२४०० ही जोडी घेणे शहाणपणाचे. पुढे वाढीला वाव नसला, तरी जुन्यातले बरेच कामी लागते. जेथे सर्वच नव्याने उभारावयाचे आहे, तेथे एएम५ ची जोडी सरस ठरते. दोन्ही ठिकाणी १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत दर्शविलेल्या खाचांत बसवाव्या. दोन्ही मार्गांनी एकदम देवघेव होत असल्याने अंगभूत चित्र-सोयीला तिचा विशेष लाभ होतो.

येथे एका अक्षराविषयी सावध करणे जरूर आहे. कोअर आय५-१२४००एफ आणि रायझेन ५ ७५००एफ हे प्रोसेसर काहीसे स्वस्त पडतात. नावाच्या शेवटचा ‘एफ’ म्हणजे चित्र दाखविण्याची सोय नाही. असा प्रोसेसर बोर्डात नीट बसतो, पंखा फिरतो, बोर्डाच्या पाठीवर एचडीएमआयची खाचही असते. पडदा मात्र काळाच राहतो, कारण त्या खाचेला चित्र पुरविणारा भागच प्रोसेसरात नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतल्यावाचून त्यास गत्यंतर नाही, आणि ते कार्ड वाचविलेल्या रकमेहून कितीतरी महाग असते. सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्याच्या पद्धतीत हे एक अक्षर सहज निसटते. तुलनात्मक तक्त्यात प्रोसेसरचे नाव शेवटच्या अक्षरासह लिहावे. ‘आय५ प्रोसेसर’ एवढाच उल्लेख तर निरर्थकच होय; त्या नावाने २००९ पासून अनेक पिढ्या विकल्या गेल्या आहेत.

शाळेतील प्रक्षेपक किंवा जुने पडदे व्हीजीए जोडणीचे असल्यास बोर्डावर ती खाच आहे काय, हेही पाहून घ्यावे. काही साध्या बोर्डांवर ती अजून मिळते.

बायॉस आणि जुळणी

बोर्डावरील चिपमध्ये साठविलेली, संगणक प्रथम जागा करणारी आज्ञावली म्हणजे बायॉस. ती कालबाह्य असल्यास नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. बी६५० चा बोर्ड दुकानात दीड-दोन वर्षे पडून असेल आणि त्यावर ९००० मालिकेचा प्रोसेसर बसविला, तर नेमके हेच घडते. प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायॉस बदलण्याची कळ काही बोर्डांवर असते. थोडे अधिक पैसे देऊनही असा बोर्ड घ्यावा. नव्या बायॉसचे महत्त्व केवळ ओळखीपुरते नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे काही प्रोसेसर प्रमाणाबाहेर दाब मागून हळूहळू निकामी होत असल्याचे २०२४ साली उघड झाले. कंपनीने त्यावरील दुरुस्ती त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बायॉसमार्फतच पोहोचविली आणि बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली. बाराव्या पिढीचा आय५-१२४०० त्यांत नव्हता. बायॉस बदलताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून हे काम यूपीएसवरच करावे.

या दोन्ही सॉकेटांत नाजूक टाचण्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नव्हे. बोर्डासोबत येणारी प्लास्टिकची टोपी प्रोसेसर बसविल्यावर निघते. ती फेकून न देता जपून ठेवावी. बोर्ड हमीखाली परत पाठविण्याची वेळ आल्यास ती लागते. एएम५ चा संगणक प्रथमच सुरू करताना रॅमची जुळवाजुळव चालू असते, तीत कित्येक मिनिटे पडदा काळा राहू शकतो. घाबरून बटन बंद करू नये.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘संगणक, नग १०’ अशी नोंद करून थांबण्याचा प्रघात आहे. तिच्या जोडीला प्रत्येक बोर्डाचा व प्रोसेसरचा अनुक्रमांक, बायॉसची आवृत्ती आणि हमीची तारीख लिहून ठेवावी. पेटीबंद प्रोसेसरला दोन्ही कंपन्या तीन वर्षांची हमी देतात. सुटा, पेटीविना मिळणारा प्रोसेसर स्वस्त असला तरी त्याची हमी विक्रेत्याच्या शब्दावर राहते.

बोर्डावर सीआर२०३२ या नावाची रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरीही असते. काही वर्षांनी ती संपली आणि संगणकाचा मुख्य पुरवठा बंद राहिला की, आतील घड्याळ मागे जाते. मग तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, ग्रामपंचायतीचे ऑनलाइन काम अडते आणि दोष व्हायरसवर ढकलला जातो. अशा वेळी प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती चुकीची असल्यास वीजजोड काढून बॅटरी बदलावी आणि तारीख पुन्हा लावावी.