वाडा शूटिंगला देताना

वाईचा परिसर पडद्यावर उत्तरेतलं गाव म्हणून खपून जातो, हे प्रकाश झा यांनी फार आधी हेरलं. त्यांच्या 'मृत्युदंड' (1997) आणि 'गंगाजल' (2003) मधला बिहार बराचसा वाईत उभा राहिला. 'स्वदेस' (2004) मधलं चरणपूर म्हणजे शेजारची मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट त्यात लगेच ओळखू येतात. श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' (1985) गोव्यात लोटलीच्या मारिओ मिरांडांच्या पिढीजात घरात चित्रित झाला, तर 'तुंबाड'साठी (2018) सासवडच्या पुरंदरे वाड्याचे दरवाजे उघडले गेले.

अशी उदाहरणं माहीत असलेल्या वाडामालकाला एखाद्या दिवशी लोकेशन मॅनेजरचा फोन आला, तर हरखून जाणं साहजिक आहे. दर उन्हाळ्यात कौलं चाळायची, वाळवीवर औषध मारायचं, सागवानाला तेलपाणी करायचं. हा खर्च पेन्शनीत बसत नाही. शूटिंगचे पैसे म्हणजे निदान छप्पर तरी होईल, असा हिशेब सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबानेही केला होता.

दुमजली, चौसोपी वाडा. ओसरीवर कोरीव महिरपी, माजघरात जुन्या हंड्या, चौकात तुळशीवृंदावन. रेकीला आलेली मंडळी नम्र होती. भाडं ठरलं, शिफ्ट ठरली, आगाऊ रक्कमही मिळाली. कागद दोन पानी होता आणि त्यात पैशांबद्दल सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. भिंतींबद्दल मात्र "आवश्यक ते कलात्मक बदल" एवढाच उल्लेख होता.

आर्ट डिपार्टमेंटने त्या शब्दांच्या आधारे माजघर रंगवलं. पडद्यावर ते सुंदर दिसलं. पॅकअपनंतर मूळ रंगाशी जुळणारा हातही मारून दिला. पण दोन्ही वेळचा रंग प्लॅस्टिक इमल्शन होता आणि भिंत चुन्याची. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि हळूहळू बाहेर सोडतो. वरून प्लॅस्टिकचा थर बसला की ओलीची वाट बंद होते. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले, मग रंगासकट गिलाव्याचे पोपडे गळू लागले. "भाड्याचे पैसे छपराऐवजी भिंतीत गेले," मालक सांगतात. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायलाच त्यांना बराच काळ लागला.

त्यांचा पहिला सल्ला म्हणूनच रंगाबद्दल आहे. भिंतीला काहीही लावायचं असेल, तर आधी प्लायचं खोटं पॅनेल उभं करून त्यावर लावा, ही अट करारात हवी. चित्रपटवाल्यांना हे नवं नसतं; अख्ख्या भिंती उभ्या करणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. फक्त मागणाऱ्याने मागायला हवं. तेच खिळ्यांचं आणि चिकटपट्टीचं. जुन्या पॉलिशवरची चिकटपट्टी ओढून काढली की पॉलिशही तिच्याबरोबर येतं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही खरं तर पैशांपेक्षा जिवाची गोष्ट आहे. वाड्याचा वरचा मजला सागवानी तुळयांवर आणि कडीपाटावर उभा असतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ओलीने किंवा वाळवीने पोकळ झालेलं असलं, तरी बाहेरून ती ठणठणीत दिसते. घरातल्या चार माणसांचा वावर ती पेलते. कॅमेऱ्याची ट्रॉली, दिव्यांचे स्टँड आणि एका खोलीत दाटलेलं युनिट हा भार वेगळाच. या कुटुंबाच्या वाड्यात चित्रीकरण चालू असताना माडीचा पाट करकरला आणि मालकीणबाईंनी काम थांबवायला लावलं. त्या अडून बसल्या हे फार बरं झालं. वाडा दाखवायच्या आधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा आणि माडीवर एका वेळी किती माणसं चालतील, हे लेखी द्यावं. जनरेटर व्हॅन नेहमी दिंडी दरवाज्याबाहेर, आणि दिव्यांची वीज तिच्यावरूनच. घरातल्या जुन्या वायरिंगला हात लावू देऊ नये.

देवघर, स्वयंपाकघर आणि वयस्कर माणसांची खोली कराराच्या नकाशावर लाल रेषेने वगळावी. तोंडी सांगितलेलं स्पॉटदादापर्यंत पोचत नाही. त्यात त्याचा दोष नसतो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

भाऊबंदांचा मुद्दा अनेक घरं टाळतात. मिळकत पत्रिकेवर पाच नावं असतील आणि सही एकाचीच असेल, तर मुंबईच्या चुलत्याला चित्रपट लागल्यावर वाडा दिसतो आणि मग फोन येतो. इथेही तसंच झालं. सगळ्यांची लेखी संमती आणि रकमेची वाटणी आधी ठरली असती, तर गणपतीत सगळे एकत्र जेवले असते.

कथाही विचारावी. पूर्ण पटकथा कोणी देणार नाही. पण वाडा कोणाचा दाखवणार, त्यात काय घडणार आणि श्रेयनामावलीत गावाचं नाव येणार का, हे विचारण्याचा मालकाला हक्क आहे. भयपटात दिसलेल्या घराच्या दारात पुढे अनोळखी लोक मोबाइल घेऊन उभे राहतात, आणि आत राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

या कुटुंबाने त्यानंतर एका मालिकेला वाडा दिला. या वेळी चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक खोलीचा तारखेसह व्हिडिओ काढला. डिपॉझिट भाड्यापासून वेगळं ठेवलं. निर्मात्याच्या विम्यात घराचं नुकसान धरलंय का, ते कागद मागून पाहिलं. महिन्याभराने पॅच शूटसाठी युनिट परत आलं, तेव्हा त्याचा दरही करारात आधीच लिहिलेला होता. माजघर मात्र त्यांनी दोन्ही वेळा कुलूपबंद ठेवलं. तिथला नवा चुना अजून वाळत होता.