मातीच्या खेळाची सुपारी

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात पाणी उदंड आणि ऊस त्याहून उदंड. तिथल्या कितीतरी जमिनी पाण्यानंच मेल्या. खालचा क्षार वर आला आणि रान पांढरं फुटलं. उत्तरेला माण-खटावात उलटा प्रकार. मुरमावर वीतभर माती, आणि वळवाचा एक जोरदार पाऊस ती ओढ्यात नेऊन घालतो. या दोन्ही मुलखांत आमचं कलापथक मातीवरचा खेळ करतं. मला ढोलकी वाजवता येत नाही, गळाही बेताचाच. माझ्याकडे कारभार: अर्ज, मंजुरी, टेम्पोचं भाडं, उधारी, हिशोब. पैसे मागताना जे कळलं ते पुढच्या कारभाऱ्यासाठी लिहून ठेवतो.

१. आधी कलम वाचा, मग गाणं लिहा

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, सातवी अनुसूची. एवढं पाठ हवं. ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चायची, आणि ते काम या अनुसूचीत बसायला हवं. अनुसूचीच्या चौथ्या बाबीत माती, हवा आणि पाण्याचा दर्जा राखणं येतं. पाचव्या बाबीत कला, संस्कृती, पारंपरिक कला. आमचं काम दोन्हींत बसतं, आणि दोन्हींत बसणारा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर टोलवला जातो. मी चौथी बाब धरतो. कलेच्या नावावर पैसे घेतले की खेळ रंगला का, एवढंच विचारतात. मातीच्या नावावर घेतले की रानात काय झालं ते विचारतात. तो प्रश्न आम्हाला कुणीतरी विचारत राहावं, या मताचा मी आहे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जून २०१४ च्या परिपत्रकात आणखी एक मेख होती. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात असले एकदाच होऊन जाणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरायचे नाहीत, असं त्यात होतं. म्हणजे एका रात्रीच्या खेळाला दार बंद. पण चार-पाच गावं धरून वर्षभर खेळ, माती परीक्षण, शिवारफेरी आणि निचऱ्याचं काम अशी साखळी मांडली, तर त्याला कार्यक्रम म्हणतात. पहिल्यांदा हे वाचून मी चिडलो होतो. आता त्या परिपत्रकाचे उपकारच मानतो, कारण पुढची गोष्ट त्यानंच करायला लावली.

२. दुसऱ्या दिवसाचे पैसे आधी मागा

खेळाला पैसे मिळतात, खेळाच्या दुसऱ्या दिवसाला मिळत नाहीत. रात्री लोक हसतात, दोन म्हातारे डोळे पुसतात आणि सकाळी कुणीतरी विचारतो, "मग आमच्या रानाचं काय करायचं?" तोवर पथकाचा टेम्पो पुढच्या गावाच्या रस्त्याला लागलेला असतो. त्या माणसाला कोण उत्तर देणार?

म्हणून आमच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम दुसऱ्या दिवसाची असते. शिवारात चार-सहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोलीपर्यंतच्या कडेची माती खरवडायची, एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. पिशव्या, चिठ्ठ्या, प्रयोगशाळेची फी, तिथवरचा प्रवास, सगळ्याला पैसा लागतो. आणि महिन्याभरानं अहवाल आला की तो समजावून सांगणारा माणूस लागतो. सामू साडेआठच्या वर, विद्युत वाहकता ४ च्या वर, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर, हे आकडे कागदावर आले तरी बहुतेक कागद देवळीत जातो. २०१५ पासून सरकार जमीन आरोग्य पत्रिका देतंय. आमचा सोंगाड्या ज्योतिषी होऊन चावडीवर तीच पत्रिका वाचतो: घरात सोडियम बसलाय, जिप्समची शांत करा. हा दुसरा खेळ पहिल्यापेक्षा छोटा असतो, पण लोक त्यालाच प्रश्न विचारतात.

पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत झाली, त्यांतला एक साताऱ्याचा कोरेगाव. पहिलं बक्षीस वेळू गावानं नेलं. आमिर खानचं नाव होतं, टीव्ही होता, पुढच्या वर्षी अजय-अतुलचं गाणंही आलं. पण गावकऱ्यांना आधी प्रशिक्षणाला नेलं होतं आणि परत आल्यावर हातात टिकाव-फावडं होतं. गाणं संपल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं. देणगीदाराला मी हेच उदाहरण देतो, कारण आमिर खानचं नाव निघालं की साहेब खुर्चीत सावरून बसतात.

३. पेल्यातलं ढेकूळ

आमच्या खेळात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेला प्रवेश हा. काचेचे दोन पेले, त्यांत पाणी. एकात बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ, दुसऱ्यात चोपण रानातलं. ढोलकी थांबते. पहिलं ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं, थोडे बुडबुडे सोडतं. दुसऱ्याभोवती धूर निघाल्यासारखं गढूळ वलय पसरतं, आणि थोड्या वेळात अख्खा पेला ताकासारखा होतो. तो पुढे तासन्‌तास निवळत नाही. सोडियमनं मातीचे कण एकमेकांपासून सोडवलेले असतात. रानात हेच कण भोकं बुजवतात, म्हणून पाणी मुरत नाही, वाळलं की दगड आणि भिजलं की चिखल.

यात एक खुबी आहे. पाणी पावसाचं नाहीतर फिल्टरचं लागतं. गावच्या खाऱ्या विहिरीचं घेतलं तर त्यातलेच क्षार कणांना धरून ठेवतात आणि वलय उठत नाही. नुसतं क्षारपड, म्हणजे मीठ जास्त पण सोडियमचं प्रमाण कमी असलेलं रानही या पेल्यात पकडलं जात नाही. त्याला प्रयोगशाळाच. हे सोंगाड्याला नीट पढवावं लागतं, नाहीतर तो भरल्या सभेत कुणाच्याही रानाला चोपण ठरवून मोकळा होतो. तमाशातल्या काळू-बाळूंच्या कवलापूरचा हा सांगली जिल्हा. इथं सोंगाड्याचा शब्द लोक सहज खरा धरतात.

देणगीदारांच्या बैठकीतही मी आता पीपीटीऐवजी पेले नेतो.

४. सहकारी कारखान्याकडे सीएसआर मागायला जाऊ नका

तो कंपनी कायद्याखाली येतच नाही, सहकार कायद्याखाली येतो. अर्ज परत येतो आणि वर हसू होतं ते वेगळं. तिथं शेतकी अधिकाऱ्याला भेटा. चोपणात उसाचं टनेज पडतं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि गाळपाला ऊस कमी पडला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. शेजारच्या शिरोळमध्ये दत्त कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड जमिनी सुधारण्याचं काम उभं केलं. शेतकरी गटानं एकत्र आले, कारण एकट्याच्या रानातला पाइप शेजाऱ्याच्या बांधाशी थांबवून चालत नाही, पाणी ओढ्यापर्यंत न्यावंच लागतं. नाटकाला याहून चांगला विषय कुठला? चार भाऊबंद, एक चर आणि तो आपल्या बांधातून जाऊ न देणारा पाचवा.

५. संहिता आपली

एका पैसेवाल्यानं आम्हाला सांगितलं, पाचट जाळण्यावर काय ते बोला, पण मोकाट पाणी देण्याचा प्रवेश काढा. शेतकरी दुखावतात म्हणे. तो प्रवेश काढला तर मागे उरतो फक्त वाद्यवृंद. आम्ही ते पैसे घेतले नाहीत आणि ते वर्ष ओढाताणीचं गेलं. तेव्हापासून करारनाम्यात पहिली ओळ असते: संहितेत बदल पथकच करेल. बॅनर केवढा, हा वादही कायद्यानंच मिटतो. मार्केटिंगच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलं जात नाही, हे नियमातच आहे. वाक्य छापून सोबत ठेवा, फार कामाला येतं.

६. एकाच धन्यावर राहू नका

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये अप्पासाहेब वारले, आश्रय आटला, आणि मंडळींना गाव सोडून दौऱ्यावर निघावं लागलं. १८५३ मध्ये ते मुंबईत खेळ करत होते, तिकीट लावून. मराठी नाटकाचा धंदा असा नाइलाजानं उभा राहिला. रंगभूमी दिनाला आम्ही नटराजाची पूजा करतो. कारभाऱ्यानं त्या दिवशी भाव्यांची उधारीही आठवावी.

७. गावाचा वाटा, मुठीएवढा का असेना

कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड चालवला. दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. येरळेवर बलवडी-तांदूळवाडीचा बळीराजा बंधारा उभा राहिला तो मुक्ती संघर्ष चळवळीच्या रेट्यानं आणि नदीतली थोडी वाळू विकून आलेल्या पैशांवर. हा मुलूख फुकट्यांचा नाही. आम्ही गावाकडून जेवण, स्टेजची जागा आणि वीज घेतो, शिवाय थाळी फिरवतो. रक्कम किरकोळ असते. पण ज्यानं थाळीत दहा रुपये टाकले तो दुसऱ्या दिवशी मातीची पिशवी घेऊन येतो, ज्याला सगळं फुकट मिळालं तो येत नाही.

८. मार्च आणि चैत्र

पैसा येतो फेब्रुवारीत, संपवायचा एकतीस मार्चच्या आत. जत्रा येतात चैत्र-वैशाखात. ताली घालायचे, चर खणायचे दिवसही तेच, कारण ऊसतोड संपलेली असते, रान मोकळं असतं आणि पावसाला अवकाश असतो. म्हणजे माणसं मोकळी असतात तेव्हा आमच्या हाती पैसा नसतो, आणि पैसा असतो तेव्हा माणसं फडात. कंपनीला सांगा, हा ‘सुरू असलेला प्रकल्प’ म्हणून ठरावात घाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत तसं चालतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते, इतकंच. लेखा विभाग आधी नाही म्हणतो. कलम दाखवलं की म्हणतो, बघू.

माण-खटावसाठी आणखी एक वाट होती. पाणलोटाच्या २००८ च्या सामाईक मार्गदर्शक सूचनांत संस्था व क्षमताबांधणीला ५ टक्के ठेवले होते. सूचना बदलत जातात, पण असं एखादं खातं प्रत्येक योजनेत असतंच. तिथं प्रशिक्षणाच्या खुर्च्या आणि चहा बसतो, तर भारूड का बसू नये? जिल्हा माहिती कार्यालयाच्या लोककला पथकांच्या यादीत नाव असलं तर हे मागणं सोपं जातं.

९. चड्डीचा प्रयोग

स्वित्झर्लंडमध्ये २०२१ मध्ये ॲग्रोस्कोप ही संशोधन संस्था आणि झुरिक विद्यापीठानं लोकांना सुती चड्ड्या पाठवून शेतात-बागेत पुरायला सांगितल्या. जिवंत मातीत जिवाणू-बुरशी कापूस खाऊन टाकतात आणि हातात नुसतं इलॅस्टिक येतं. आमच्या बायामंडळींनी चड्डी नको म्हटलं, म्हणून आम्ही सुती पंचा पुरतो. जत्रेच्या दोन महिने आधी पुरायचा आणि पालखीच्या दिवशी सगळ्यांसमोर उकरायचा. खर्च जवळजवळ शून्य, गर्दी तुफान. जमिनीत ओल हवी, नाहीतर कोरड्या माळावर पंचा इस्त्री केल्यासारखा निघतो आणि सरपंच आमच्याकडे बघतात.

१०. वीटभट्टीला माती विकणाऱ्याला शिव्या देऊ नका

नदीकाठची पोयट्याची माती वीटभट्टीला जाते. विकणाऱ्याच्या घरी लग्न असतं, दवाखाना असतो, कर्ज असतं. स्टेजवर त्याला खलनायक केलं की तो उठून जातो आणि त्याच्यामागे त्याची भावकी. आमच्या वगात तो नायक आहे. सौदा तोच करतो, पैसे मोजतो, आणि मग त्या खड्ड्यात पुढच्या वर्षी काय पिकलं ते गावाला सांगतो. पैसे देणाऱ्यांना असा नायक पटत नाही. पटवावं लागतं.

११. मानधन त्याच रात्री

ढोलकीवाल्याला धनादेश देऊ नका. खात्यावर किंवा रोख, पण त्याच रात्री.

१२. क्षार दिसायच्या आधी

टेंभूचं पाणी आटपाडीत पोहोचलं, म्हैसाळचं जतकडे. ज्या गावांत आमचा खेळ माती वाहून जाण्यावर होता, तिथं आता उसाची लागण सुरू झाली आहे. तिथल्या काळ्या, खोलगट, निचरा नसलेल्या रानांना कृष्णाकाठची वाट धरायला फार वर्षं लागणार नाहीत. आत्ता ठिबक आणि चर यांवर खेळ केला तर पाइप टाकायची पाळीच येणार नाही, आणि तो खर्च पाइपाच्या मानानं काहीच नाही. पण जी जमीन अजून बिघडलेली नाही तिच्यासाठी पैसे मागणं सगळ्यात अवघड. फोटो कशाचा लावणार? मी अर्जाला दोन फोटो जोडलेत: डावीकडे कृष्णाकाठचं पांढरं रान, उजवीकडे आटपाडीचा नवा ऊस. खाली पंधरा गावांची यादी, तीन वर्षांचं अंदाजपत्रक, पहिल्या ओळीत दुसऱ्या दिवसाचा खर्च. पेले मी स्वतःच घेऊन जाणार आहे.