चोळून घ्या, पण आधी तपासून

निमगाव सावाहून एका भगिनीनं विचारलंय: पाळीत ओटीपोट आणि कंबर इतकी दुखते की खुरपणीला बसवत नाही. सासूबाई म्हणतात, बेंबी सरकलीय, पोट चोळून घे. जाऊ का?

जा. पण एकदा तपासून झाल्यावर.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळतं, त्याला रक्त कमी पडतं आणि कळ येते. दर महिन्याला हे सोसताना पोट, कंबर, मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून राहतात. वर दिवसभर वाकून कांद्याची लागण! मग पाळी सरली तरी दुखणं मागे उरतं. मालिश उपयोगी पडते ती मुख्यतः या आखडलेल्या स्नायूंवर. साध्या पाळीच्या दुखण्यात हलक्या मालिशीनं आराम पडतो असं लहान-लहान अभ्यासांत दिसलंय. एंडोमेट्रिओसिसमध्ये पुरावा त्याहून तोकडा आहे.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढणं. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा जणींपैकी एकीला हा त्रास असतो आणि निदानाला अनेकदा वर्षं जातात. हा आजार, गर्भाशयातल्या गाठी किंवा ओटीपोटातला जंतुसंसर्ग चोळून जात नाही. बेंबीचं म्हणाल तर तिथे हाताला जे ठोके लागतात ती पोटातल्या महाधमनीची नाडी असते. ती इकडे लागली की तिकडे, यावरून गर्भाशयाचं काहीच कळत नाही. बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालण्याचा प्रकार तर करूच नका, भाजतं.

चोळायचं कसं? तीळ किंवा खोबऱ्याचं कोमट तेल घ्या. उताणं झोपून, गुडघे दुमडून, तळहात बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हळू फिरवा, मग कुणाकडून तरी कंबरेचा खालचा भाग चोळून घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून. सोबत गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून घ्या. शेकाला मी मालिशीइतकाच मान देतो. अंगठे रुतवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबणाऱ्या हाताला मात्र तिथेच थांबवा. बीजकोशात मोठी गाठ असेल तर ती फुटू शकते. पाळी चुकली असेल तर आधी आशाताईकडून लघवीची तपासणी, चोळणं नंतर. ताप असेल किंवा एकच पाय सुजला असेल तरीही चोळू नका.

आम्लपित्त, दमा, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेनसारखी गोळी जेवणानंतर, कळ सुरू होताच घ्यावी. कळ पुरती भरल्यावर घेतलेली गोळी कमीच काम करते.

तपासणीचा आग्रह का, ते ऐका. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाला, त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आपल्याकडेही बाई अंगावर काढते, नाहीतर एकदम गर्भपिशवीच काढून टाकते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं २०१९ साली राज्यभर गाजलं. विघ्नहर साखर कारखान्याच्या गळीत हंगामात तोडणीला येणाऱ्या बायकाही आपल्याच आजूबाजूला असतात, त्यांनाही हे सांगा: निव्वळ पाळी दुखते म्हणून पिशवी काढायची नसते.

पाळीव्यतिरिक्तही दुखणं, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला कळ, दिवस न राहणं, तासाला पॅड भिजणं, चाळिशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. नारायणगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे दुखणं मनाचं, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. एंडोमेट्रिओसिस तिच्यात पुष्कळदा दिसतच नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा त्रास ठरला तर त्यासाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असतात, पुण्यात त्या भेटतात.

तपासणीला येताना मागच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा आणि कधी, कुठे दुखलं ते कागदावर लिहून आणा. आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन या.