मुलगा आळशी झालाय का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारचे आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी पोरं सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करायची. आमचा 17 वर्षांचा मुलगा घरीच असतो.

उत्तर : त्याला आळशी म्हणू नका, ताई. 1979 मध्ये अमेरिकेतली 16 ते 19 वयाची सुमारे 58 टक्के मुलं नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होती. 2010 नंतर हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास आलं. 2008च्या मंदीत मोठी माणसंही दुकानांतल्या त्याच कामांकडे वळली. पण खरं ओझं अभ्यासाचं. त्याची जुलैची वही उघडून बघा : शिकवणी, सराव परीक्षा, कॉलेजच्या अर्जाचे निबंध. तरी दोन संध्याकाळी त्याला गल्ल्यावर उभं राहू द्या, असं मला मनापासून वाटतं. 18 वर्षांखालच्यांना तुमच्या राज्यात कामाची नोंदणी लागते; ती आधी करा.