ट्रॅक्टर का वळला नाही?

माझ्या काकांचा जुना छोटा ट्रॅक्टर आहे. परवा वाडीत काकांनी स्टेअरिंग फिरवले, पण एक चाक वळलेच नाही! ट्रॅक्टर बांधाला जाऊन टेकला. मी खूप घाबरलो.

मग मिस्त्रीकाकांनी मला समजावून सांगितले. स्टेअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे टाय रॉड. त्याच्या टोकाला वाटीत गोळा असतो, आपल्या खांद्यातल्या उखळीच्या सांध्यासारखा. ग्रीस न भरल्याने तो झिजला आणि निसटला. वेल्डिंग पुन्हा तुटू शकते, म्हणून मिस्त्रीकाकांनी नवा सांधा बसवला, नट आवळून पिन घातली आणि चाके सरळ जुळवली.

आपल्या अच्छाडवरून मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. तिथे असे झाले असते तर? म्हणून मित्रांनो, स्टेअरिंग ढिले वाटले की घरी लगेच सांगा.