आजचं चिंतन : पोथीची शेवटची पानं



आज नेहमीसारखी एक ओवी आणि तिच्याखाली चार ओळी असं नाहीये. आज ओवीच देणार नाही, कारण चूक माझीच आहे आणि ती आधी सांगायला हवी. जरा मोठं झालंय. लोकलमध्ये उभे असाल तर बसायला मिळाल्यावर वाचा.

बाबा गेले त्या वर्षी मी हे रोजचं लिखाण सुरू केलं, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. पहिल्या काही महिन्यांतच मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक वाक्य आलं. मरणाबद्दल होतं. साधं, शांत. खाली ‘संत ज्ञानेश्वर, ज्ञानेश्वरी’ असं लिहिलेलं. मी ते जसंच्या तसं इथे टाकलं. आईने ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं आणि खाली एकच शब्द लिहिला, ‘माऊली’. रोज झोपायच्या आधी ती ते पान उघडायची.

मागच्या महिन्यात एका वाचक ताईंनी मला विचारलं, “हे कुठल्या अध्यायात आहे? ओवी कितवी?” मी म्हटलं, बघून सांगते. अ‍ॅपमध्ये शोधलं. बाबांची पोथी काढली. ग्रंथालयात जाऊन आणखी दोन प्रती चाळल्या. वाक्य नाही. त्या अर्थाचं जवळपासचंही काही सापडलं नाही. आणि खरं सांगू का, शोधायची गरजच नव्हती. ओवीचे पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, हा ठेका त्या वाक्याला नव्हताच. भाषा तर आजच्या कॅलेंडरवर छापतात तशी. रोज ओव्या वाचणाऱ्या माझ्या कानाला ते कळलं नाही, याची मला जास्त लाज वाटली.

आईला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “मग मी तीन वर्षं कुणाचं वाचत होते गं?”

मला उत्तर देता आलं नाही. ते वाक्य इथे पुन्हा लिहीत नाही, नाहीतर ते परत फिरायला लागेल.

त्या रात्री बाबांची पोथी समोरच होती, म्हणून शेवटून उघडली. आपण पारायण करतो तेव्हा अठरावा अध्याय संपत आला की मन पसायदानाकडे धावतं. पसायदान झालं की पोथी बंद, आरती, प्रसाद. त्याच्यापुढची दोन पानं मी तरी कधी नीट वाचली नव्हती. तुमच्या घरी पोथी असेल तर आज बघाच.

पसायदानानंतर हा ग्रंथ कुठे झाला ते येतं. गोदावरीच्या दक्षिण तीरावर, राजा रामचंद्र यादवाच्या काळात. गुरुपरंपरा, ती नाथपंथाची, निवृत्तिनाथांपर्यंत, पसायदानाच्या आधीच येऊन गेलेली असते. आणि शेवटी ती प्रसिद्ध नोंद : शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, टीका केली ज्ञानेश्वरांनी, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. गंमत बघा, ग्रंथाची तारीख ज्या ओवीवरून सांगतात, तीच बाहेरून कुणी सांगावं तशी बोलते. म्हणून काही अभ्यासक ती नोंद लिहून घेणाऱ्याची मानतात. म्हणजे मूळ पोथीतच दोन माणसं आहेत, सांगणारा आणि लिहिणारा. आणि लिहिणाऱ्याचं नाव लपवलेलं नाही.

त्याच्याही खाली आणखी थोड्या ओव्या आहेत, आणि त्या माऊलींच्या नाहीत. त्या एकनाथ महाराजांच्या आहेत. शके १५०६, म्हणजे १५८४. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेलीत. इतक्या काळात पोथ्या हाताने उतरवल्या गेल्या, कुणाचा शब्द सुटला, कुणी समासात लिहिलेलं पुढच्याने आत घेतलं, कुणाला वाटलं आपलीही एक ओवी शोभेल. नाथ म्हणतात त्याचा आशय असा : ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी बिघडला, तो मी नीट केला. आणि मग बजावतात की यात कुणी आपली ओवी घालू नये, ते अमृत वाढलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल.

नाथांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आणि माऊलींनी स्वप्नात येऊन ‘आळंदीला ये आणि ती काढ’ असं सांगितलं, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. मी लहानपणी ती चमत्कार म्हणून ऐकली. आता वाटतं, ज्याला पोथीतली चूक गळ्याला टोचते, त्याचीच ही गोष्ट आहे.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते वेगळ्याच हिशोबाने. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याच्या अकरा वर्षं आधी, १५७३ मध्ये, त्यांचं एकनाथी भागवत काशीत पूर्ण झालं होतं. भागवताच्या एकाच, अकराव्या स्कंधावर अठरा हजारांहून जास्त ओव्या! ज्ञानेश्वरीच्या दुप्पट. ओवी ज्याच्या हातात इतकी खेळते, त्याने ज्ञानेश्वरीत दहा ओव्या मिसळल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला असता? त्यांनी आपल्या ओव्या ग्रंथ संपल्यावर, शेवटी, स्वतःच्या नावाने लिहिल्या. माऊली कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याला दिसेल असं.

आपण भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती करतो ना? ती तिथी नाथांनी शुद्धीकरण पूर्ण केलं त्या दिवसाची आहे. ग्रंथाचा वाढदिवस आपण तो दुरुस्त झाला त्या दिवशी साजरा करतो! मला हे माहीतच नव्हतं.

आता एक अडचण. नाथांनी कुठल्या प्रती समोर ठेवल्या, काय काढलं, काय ठेवलं, हे लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे पुढच्यांना प्रश्न पडणारच. १९०९ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एक वेगळी प्रत छापली. तिची भाषा जास्त जुनी आहे आणि ती नाथांच्याही आधीची आहे, असा त्यांचा दावा होता. त्यावर अभ्यासकांत भरपूर वाद झाले. तुमच्या अ‍ॅपमधला शब्द आणि आजीच्या पोथीतला शब्द जुळत नाही, किंवा ओवीचा क्रमांक एक-दोनने मागेपुढे होतो, त्याचं कारण प्रतींमधले हे फरक. छपाईची चूक म्हणून सोडून देऊ नका.

आणि त्याहून अवघड प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’मध्ये लिहून विचारला होता : ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच का? ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचं नाव नाही, अभंगांत पानोपानी विठ्ठल. अभंगांची भाषाही अलीकडची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, कुणीतरी घरात येऊन देव्हारा हलवल्यासारखा. पण प्रश्न वाईट हेतूने विचारला असं धरून चालणं सोपं असतं. याला वारकरी परंपरेकडून आणि अभ्यासकांकडूनही उत्तर दिलं गेलं : ज्ञानेश्वरी पोथीत राहिली आणि अभंग गळ्यात राहिले. जे रोज लाखो तोंडांनी गायलं जातं, त्याची भाषा गाणाऱ्यांबरोबर बदलते. मला हे पटतं. सगळे अभंग एकाच हाताचे आहेत असं छातीठोकपणे मात्र मी म्हणणार नाही. हरिपाठ मी आजही म्हणते, काल म्हटला तसाच.

कुणी म्हणेल, शब्दाला एवढं जपायचं तर मग अर्थ लावायचाच नाही का? पण ज्ञानेश्वरी स्वतःच अर्थ लावणं आहे. गीतेचे सातशे श्लोक, त्यावर नऊ हजार ओव्या. तेराव्या अध्यायात गीता ‘अहिंसा’ हा एक शब्द उच्चारून पुढे जाते. माऊली तिथे शंभराहून जास्त ओव्या थांबतात. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलायच्या आधी त्याच्या मनात काय होतं, सगळं. इतकं लांबल्याबद्दल श्रोत्यांना सांभाळूनही घेतात. पण गीतेचा श्लोक श्लोकाच्या जागी आणि त्यांची ओवी ओवीच्या जागी. आणि आपण आधीच्या भाष्यकारांना विचारत विचारत इथवर आलो, हेही ते सांगून टाकतात.

मी नेमकं उलट केलं होतं. कुणाचं तरी वाक्य घेतलं आणि ते वजनदार व्हावं म्हणून त्याला माऊलींचं नाव लावू दिलं.

रविवारी हे सगळं आईला सांगितलं. पोथीची ती पानंही दाखवली. तिने चष्मा लावून नाथांच्या ओव्या दोनदा वाचल्या. मग वही मागितली. मला वाटलं पान फाडणार. तिने पेनने ‘माऊली’ हा शब्द खोडला, नीट, एका रेघेत, आणि बाजूला लिहिलं : ‘कुणाचं तरी’.

“वाक्य राहू दे,” म्हणाली, “त्याने मला झोप लागली होती. पण त्यांचं नाव नको. त्यांनी म्हटलंच नाही तर त्यांच्या तोंडी कशाला घालायचं?”

आता मी जुन्या सगळ्या नोंदी तपासायला घेतल्यात. ४७ ठिकाणी ‘माऊली म्हणतात’ असं लिहिलंय आणि अध्याय-ओवीचा पत्ता नाही. १९ सापडल्या, त्यांच्याखाली क्रमांक आणि कुठल्या प्रतीतला ते लिहिलंय. ६ माऊलींच्या नाहीतच, तिथलं नाव काढलंय, आधी काय लिहिलं होतं तेही तसंच दिसेल असं ठेवून. बाकी २२ अजून शोधतेय. तुमच्यापैकी कुणी मी टाकलेलं काही कार्डावर, पत्रिकेवर किंवा स्टेटसला वापरलं असेल तर एकदा येऊन ती नोंद बघून जा, प्लीज.

उद्या तेराव्या अध्यायातल्या अहिंसेपासून सुरू करू. पोथी जवळ ठेवा. क्रमांक जुळला नाही तर मला नक्की सांगा.

राम कृष्ण हरी.